आधी आवळ, मग ठिपका

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ठकी गेली एकदाची. साडेसहाला.

सहा दिवसांची वाट आहे — एक दिवस पाणथळीचे बांध, दोन दिवस जंगल, मग तो मोठा उतार आणि खाली द्राक्षमळे. सगळी खडी. डांबर दिसलं की बाईसाहेबांचं तोंड वाकडं! एकतीस वर्षांची घोडी, शाळेत गणित शिकवते, आणि सुट्टी लागली की सायकल घेऊन एकटीच चिखलात लोळायला जाते. एवढी मोठी झाली तरी माझ्या तोंडून ठकीच येतं.

काल दोन महिन्यांनी दुकानात आली. दोन महिन्यांपूर्वी आमचं वाजलं होतं. "बाबा, हात डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर तुम्ही केलेल्या सायकली कुणालातरी तपासू द्या." कुणालातरी! अडतीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय मी. म्हटलं, "माझ्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तीही माझीच मुलगी, नाही टाकलं. त्याआधी दर शनिवारी यायची. चहा प्यायची, हुकांना टांगलेल्या सायकलींमध्ये पाना घेऊन घुटमळत बसायची — लहानपणची खोड. ते शनिवार गेले. काल मात्र स्वतःची सायकल धरून दारात उभी. "करून द्याल?" एवढंच. मीही "ठेव" एवढंच म्हणालो. आतून काय झालं ते माझं मला ठाऊक.

दिवसभर तिचीच सायकल केली. नवे टायर, नव्या केबली, हँडल उतरवून पुन्हा बसवलं. आज निघाली तेव्हा कोपऱ्यावर जरा थांबली, वाकून काहीतरी केलं — बुटाची पट्टी असेल — मग मागे वळून हात केला. बरं वाटलं.

दुपारी जुळ्यांची आई सायकल घेऊन गेली. पुढे एक कार्टं, मागे एक, दोघंही एकाच वेळी घंटी वाजवणार! "काका, ब्रेक एकदम मस्त झाले," म्हणाली. मग? उगाच नाही.

संध्याकाळी —

नीट लिहितो.

दुकान आवरत होतो. काल सकाळी आलेलं टायरांचं पार्सल अजून तसंच होतं, अर्धं फोडलेलं, टेबलाच्या कोपऱ्यावर. उचललं. खाली टॉर्क पान्याची पेटी. म्हणजे काल सकाळपासून ती पेटी उघडलीच नाही! आणि बोल्ट पुरता आवळला की होणारा त्या पान्याचा 'कट्' ऐकल्याशिवाय मी कुणाच्या हँडलचा बोल्ट सोडत नाही.

मग ठकीचं हँडल कशाने आवळलं मी?

ठिपके तर होते. दोन्ही बोल्टांवर लाल ठिपके. मी स्वतः पाहिले निघताना.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही. हिला सांगितलं, पित्त झालंय. "पित्त झालेला माणूस सकाळपासून तीन कप चहा पीत नाही," म्हणाली. बायको आहे का पोलीस!

ठिपक्याचं लिहितो. नाहीतर डोकं फुटेल.

माझ्या उस्तादांची शिस्त. बोल्ट आवळून झाला की त्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. आधी आवळ, मग ठिपका. लाल दिसलं की पुन्हा हात लावायचा नाही, डोळे मिटून सोडायची सायकल. पहिल्याच वर्षी मी एकदा उलटं केलं तर त्यांनी पान्याची मूठ माझ्या पोटरीवर हाणली होती. अडतीस वर्षं हीच माझी पद्धत. गिऱ्हाइकं मला 'ठिपकेवाले' म्हणतात.

आता खरं लिहितो. हे कुणी वाचणार नाही.

उजवा हात दुपारनंतर थरथरतो. सकाळी चहा पोटात गेला की दोन-तीन तास ठीक असतो, मग सुरू. दुपारी ठिपका द्यायला गेलो की ब्रश नाचतो, रंग बोल्टभर पसरतो, नळीवर ओघळतो. लोक बघतात. एक जण तर हसत म्हणाला, "काका, डोळे गेले का?" डोळे नाही रे बाबा, हात. म्हणून या वर्षी मी ठिपके सकाळीच देऊन टाकतो. सगळ्या सायकलींचे. एकदम सुबक! आणि आवळायचं काम दुपारी. पान्याला थरथर चालते.

उस्तादांनी आज पोटरी नाही, डोकं फोडलं असतं.

गुरुवारी सकाळी ठकीच्या स्टेमवर — हँडल धरून ठेवणारा तुकडा तो — दोन ठिपके दिले. बोल्ट नुसते हाताने बसवले होते. मग जेवायला गेलो, आलो, लाल दिसलं, सोडून दिलं.

सपाटीवर काही होणार नाही. हाताने बसवलेला बोल्टही सपाटीवर धरतो. पण उतारावर चाकाखाली मोठा धोंडा आला, की हँडल वळेल आणि चाक वळणार नाही. आणि त्या उताराला म्हणे एका बाजूला दरी आहे.

पाणथळ सपाट आहे. पाणथळ सपाट आहे. सकाळपासून हेच घोकतोय.

संध्याकाळी सातला हिच्या फोनवर ठकीचा मेसेज — 'गुडघा भरलाय. या खोपटात अजून एक रात्र राहते. पक्षी बघ किती! आता पुढे रेंज नाही, काळजी करू नको.' सोबत बगळ्यांचा फोटो. मी फोटोत बगळे नाही बघितले. कोपऱ्यात सायकलचं हँडल दिसत होतं, ते मोठं करकरून बघितलं. लाल ठिपका दिसला. काय सुंदर ठिपका!

तेव्हाच लिहायला हवं होतं. तीन शब्द — 'हँडलचे बोल्ट आवळ'. लिहिले सुद्धा. मग वाटलं, ती विचारणार, का? मग सांगावं लागणार. मग डॉक्टर, मग दुकानाला कुलूप. पुसून टाकलं.

पोरीच्या जिवापुढे दुकान! थू माझ्यावर.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी सहाला मेसेज पाठवला. गेला नाही. फोन केला. बंद.

आठ वाजले. नाही.

दहा. नाही.

जातो. दुपारची बस पाणथळीच्या कडेपर्यंत जाते आणि सायकल टपावर घेतात. उतार मंगळवारच्या आधी येत नाही. गुडघा दुखतोय तर ती हळू जाईल. गाठता येईल. यायलाच हवी.

हिला म्हटलं, ठकी पंपाची नळी विसरली, देऊन येतो. ही माझ्याकडे बघत राहिली. "पंपाची नळी? जंगलात? अकरा वर्षांत भाजी आणायला सायकल नाही काढली तुम्ही!" मग चार पोळ्या बांधल्या आणि माझी कानटोपी पिशवीत टाकली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडलो असतो बहुतेक.

स्वतःच्या सायकलचे बोल्ट तीन-तीनदा आवळले. ठिपका दिला नाही.

रात्रीचं — बसथांब्याजवळच्या खोलीत आहे. टॉर्क पाना उशाशी.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो!

बांध दोन हात रुंद. दोन्हीकडे काळं पाणी, वर गवत माणसाच्या डोक्याइतकं. वारा आला की सगळं गवत एका बाजूला झोपतं आणि आपणही त्याच्यासोबत पाण्यात जातोय असं वाटतं. खडी सुटी. चाक सरकतं, मी ब्रेक दाबतो, उजवा हात आपला नाचतोय! डावा ब्रेक एकट्याने दाबला की मागचं चाक शेपटी हलवतं. पहिल्या तासात दोनदा उतरून सायकल हाताने ढकलली. एक बदक अचानक उडालं आणि मी "आई गं" म्हणून ओरडलो. त्रेसष्ट वर्षांचा बाप्या!

ठकीला यात मजा वाटते. मला तिच्या मजेचं कधी काही कळलंच नाही. मी टायर चढवले, केबली ओढल्या, पण ती कुठे जाते ते बघायला कधी आलो नाही.

पण एक गोष्ट मला येते. तिच्या पुढच्या टायरवरचा एक रबरी दात चिमट्याला घासत होता, तो मी गुरुवारी कात्रीने उडवला. म्हणून दर फेऱ्याला तिच्या चाकाच्या ठशात एक दात पडलेला. ओल्या मातीत तो दिसला आणि मी तिथेच बसलो. तिचं पत्र आल्यासारखं वाटलं. त्या ठशावर डोळे लावून चाललो. ठसा सरळ म्हणजे हँडल सरळ, म्हणजे पोर ठीक.

खोपटं सांभाळणारी बाई म्हणाली, "ती गुडघ्याला फडकं बांधलेली? काल उन्हं चढल्यावर गेली. हसरी आहे हो तुमची मुलगी." मी विचारलं, सायकल कशी चालत होती? बाई म्हणाली, "सायकलीसारखी!" बरोबर आहे, काय सांगणार ती.

दुपारी जंगल लागलं. बाईने दाखवलेली जवळची वाट धरली. चढ. निम्मा ढकलतच काढला. इथे पालापाचोळा, ठसे दिसेनासे झाले. मग फक्त माझा श्वास आणि खडीचा आवाज. मागून कुणी येतंय असं सारखं वाटत होतं. वळून बघायचो, माझंच मागचं चाक.

संध्याकाळी वनरक्षकाच्या चौकीत पोचलो. तो म्हणाला, एक बाई आज इथूनच पुढे गेली, उताराच्या माथ्याला मुक्काम करते म्हणाली. म्हणजे उद्या सकाळी उतार! मी म्हटलं, आत्ताच निघतो. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "आजोबा, अंधारात त्या वाटेवर मी पण जात नाही. बसा." आजोबा म्हणाला मला. बसलो.

वाटेवर आणखी कुणी भेटलं तर तिला निरोप देता येईल का विचारलं. "कोण भेटणार?" म्हणाला.

कितीला उठेल ती? शाळेत जायच्या वयात आठशिवाय डोळा उघडत नव्हता तिचा. देवा, उद्या तशीच झोपू दे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

उजाडायच्या आत निघालो. माथ्यावर आठला. तिचा तंबू नाही. दबलेलं गवत, आणि खडीत तो एक दात पडलेला ठसा, खाली उतरत गेलेला.



उतार बघितला. वाट वळसे घेत खाली जाते, धोंडे मुठीएवढे, डाव्या हाताला काही नाही. नुसती हवा. सायकलवर बसून उतरायची माझी छाती नव्हती. पायी निघालो, सायकल धरून, ठसा बघत. सरळ. सरळ. वळण, सरळ. प्रत्येक वळणाला आधी दरीत बघायचो आणि मग वाटेकडे.

चौथ्या वळणावर ठसा आडवा गेला.

खडी खरवडलेली, हातभर लांब. झुडूप मोडलेलं. पुढे ठसाच नाही. पोटावर आडवा झालो आणि खाली बघितलं. खाली काहीतरी लाल. किती वेळ बघत होतो कोण जाणे. तिचं जाकीट लाल आहे. मग वारा आला आणि ते लाल गडगडलं — कुणाचं तरी फुटकं प्लास्टिकचं पिंप!

उठलो तेव्हा दिसलं, मोडलेल्या झुडपापाशी बुटांचे ठसे. ती थांबली होती. पुढे दहा पावलं चालली होती, आणि तिथून ठसा पुन्हा सुरू. सरळ.

खाली मळे लागेपर्यंत दुपार. छाटणी झालेली, वेली बोडक्या, ओळींमधून खडीची वाट. मळेवाल्याच्या छपरीत ठकी टबमध्ये पाय सोडून बसली होती, हातात पावाचा तुकडा.

"बाबा?!" तो तुकडा टबमध्ये पडला. "तुम्ही? सायकलवर? आईला काही —"

मी सरळ तिच्या सायकलपाशी गेलो, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हँडल सगळी ताकद लावून पिळलं.

तसूभर हललं नाही.

पुन्हा पिळलं. नाही. मग पाना लावला. लगेच 'कट्' वाजला. दोन्हींना.

मी तिथेच खडीवर बसून रडलो. मळेवाला बिचारा घाबरून पाणी घेऊन आला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ठकीने कालच सांगितलं. आज लिहायची ताकद आली.

कोपऱ्यावर बुटाची पट्टी नव्हती. खिशातल्या षटकोनी किल्लीने तिने बोल्ट आवळले. "दोन्ही पाऊण फेरा फिरले, बाबा. नुसते ठेवलेले होते." तिथून माझ्याकडे वळून हात केला! मी खूश.

"मग परत का नाही आलीस?"

"तुम्ही दोन महिन्यांनी माझ्याशी एक शब्द बोलला होतात. 'ठेव'. तो पण गेला असता." मग म्हणाली, "आल्यावर बोलणार होते. रोज रात्री तंबूत तेच मनात जुळवत होते."

मी तिला सगळं सांगितलं. हात. सकाळचे ठिपके. पुसलेला मेसेजही. तो सांगताना तिच्याकडे बघवलं नाही. तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तिच्या हातातही तो थरथरत होता. "घरी पोचलो की डॉक्टरकडे," म्हणाली. मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं!

आणि चौथ्या वळणावरचं ते खरवडलेलं? "रानडुक्कर आडवं आलं. घाबरून ब्रेक दाबले. ब्रेक भारी झालेत हं, बाबा."

जेवताना मला चिडवत होती. "उतार पायी उतरलात? सायकलवाले ठिपकेवाले?" मी म्हटलं, गप गं, तुझ्या आईने दिलेली कानटोपी घालून बदकाला घाबरलेला माणूस आहे मी. खूप हसलो. माझी पोर जिवंत आहे. आणखी काय हवं मला? पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो. उद्या दोघं मिळून मळ्यांमधून हळूहळू बसपर्यंत.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सकाळी चहा पिता पिता सहज विचारलं, "शनिवारी दुकानात पाना घेऊन काय करायचीस गं?"

ठकीने कप खाली ठेवला. "आवळायचे, बाबा. दर शनिवारी तीन-चार तरी सैल निघायचेच. वर्षभर."

नऊ शनिवार ती आलेली नाही. आणि पाच दिवस माझ्या डोक्यात फक्त माझी पोर!

इथे रेंज आहे. हिला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "मला माहीत होतं. तुमच्या बशीत सांडलेला चहा रोज मीच पुसते." तिला म्हटलं, दुकान उघड, कामाची वही काढ. एकेकाला सांग, माझा हात थरथरतो, सायकलवर बसू नका. नऊ आठवड्यांत एक्केचाळीस सायकली. शेवटचं नाव जुळ्यांची आई. फोन उचलत नाहीये. दोनच गल्ल्या सोडून राहते, म्हणून ही तशीच चपला अडकवून धावली.

आत्ता हिचा फोन आला. जिन्याखाली सायकल नाही.